पंधरा नंबरचं पाणी

पडेगाव,
१० नोव्हेंबर २०२४

अक्का,

त्या सकाळी तुम्ही माझ्या आधी उठला होतात. मी कडी काढून बाहेर आले तर दोन्ही दारांत सडा पडलेला, तुमच्याही आणि माझ्याही, आणि तुम्ही रिकामी बादली पालथी घालून तिच्यावर बसला होतात. म्हणालात, "उठल्या का महाराणी." जी आधी उठेल तिनं दोन्ही दारांत सडा टाकायचा, हे आपल्यात कधी ठरलं ते मला आठवत नाही. मग मी मोटार लावली. आधी तुमची टाकी भरली, मग माझी. तुमच्या ओट्यावर भाकरी झाल्या, माझ्या ओट्यावर भाजी, आणि दोघा भावांचे डबे भरून झाल्यावर आपण उरलेला चहा ओसरीत बसून प्यायलो. तुमचं नाक वाहत होतं. बाकी त्या दिवशी काहीच झालं नाही. तरी तुमची आठवण आली की मला तीच सकाळ दिसते.

तुम्ही गावी राहायला गेलात तेव्हापासून रामेश्वर फोन लावून देतो, तो भाऊजी उचलतात, तुमच्या हातात देतात आणि मग फोन बंद होतो. तीन वर्षं असंच चाललंय. म्हणून लिहिते. तुम्हाला वाचता येत नाही, भाऊजीच वाचून दाखवणार, हे मला माहीत आहे. मोठ्या दिरासमोर मी आजवर पदर पुढं ओढून उभी राहिले, तोंडातून शब्द काढला नाही. आणि आता माझं सगळं बोलणं त्यांच्याच तोंडून तुमच्या कानावर जायचं. तुम्हाला हसू येत असेल तर हसा. वाचणाऱ्यांना माझा नमस्कार. त्यांनी काही गाळून वाचू नये एवढी विनंती आहे.

हे गेले त्याला दोन वर्षं होत आली. आजारपणात पैसा कुठून कुठून उभा केला ते तेव्हा कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. पतसंस्थेकडं घर गहाण आहे. दागिने सोनेतारणात आहेत. बचत गटाचं आहे, रामेश्वरच्या गाडीचं आहे, आणि ह्यांच्या दुकानमालकांनी दवाखान्यात हातावर ठेवलेले आहेत, ते मागत नाहीत पण रस्त्यात दिसले की मीच गल्ली बदलते. पाच ठिकाणं, पाच तारखा. रामेश्वर शेंद्र्याला कंपनीत जातो, माझं फॉल-पिको चालू आहे, पण पगार येतो आणि दारातूनच परत जातो.

आता एक बँक घर तारण ठेवून मोठं कर्ज द्यायला तयार आहे. त्यातून ही पाचही ठिकाणं फेडायची आणि मग एकच हप्ता, तोही हलका. पतसंस्थेचं व्याज तुम्हाला सांगितलं तर वाचणारे पत्र खाली ठेवतील.

त्यासाठी घराची किंमत काढायला बँकेचा माणूस आला. नकाशा उघडून कोपऱ्याच्या मोकळ्या जागेपासून प्लॉट मोजत आला, आणि माझं घर सोडून तुमच्या दारात जाऊन थांबला. म्हणाला, "चौदा नंबर, सोमनाथ. हेच ना तुमचं घर?" मी म्हटलं, नाही, आमचं हे बाजूचं. तो म्हणाला, "ते पंधरा. ते कारभारी यांच्या नावावर आहे." म्हणजे भाऊजींच्या.

अक्का, आपल्याला सगळ्यांना हे ठाऊक होतं आणि आपण सगळेच विसरलो होतो. चौदा आमचा होता, पंधरा तुमचा. पाणी बघणाऱ्यानं तळहातावर नारळ ठेवला आणि तो पंधरात उभा राहिला. चौदात नुसता खडक. माझ्या पोटात रामेश्वर होता. तुम्ही तिथंच भाऊजींना म्हणालात, "आपुन चौदात बांधू. ही पोटुशी बाई किती लांबून पाणी आणील?" सुपारी फोडली, भाऊ-भाऊ हसले, आणि आम्ही तुमच्या जागेवर घर बांधलं, तुम्ही आमच्या. सख्ख्या भावांत कागद कशाला, असं भाऊजीच म्हणाले होते. कागदाला ते कुणी सांगितलंच नाही.

आता अदलाबदलीचा दस्त केला तर सगळं सरळ होतं, असं वकील म्हणतात. त्याला भाऊजींची सही लागेल. त्याशिवाय बँक पुढं जाणार नाही आणि मला दुसरा रस्ता दिसत नाही.

तुमच्या अपेक्षाच्या लग्नातली गोष्ट मी काढणार नाही. तुम्हीही काढू नका.

तुमची
वच्छला


पडेगाव,
२४ नोव्हेंबर २०२४

अक्का,

तुमच्या गावच्या आशाबाई पेरू विकायला इकडं आल्या होत्या. तुमच्या बागेतले पेरू म्हणून त्यांनी पिशवी दिली आणि निरोप सांगितला, "साळूबाईनं सांगितलंय, लिवलेलं कळलं." मी विचारलं, पुढं काय म्हणाल्या? तर म्हणे, "पुढं काय नाय. पेरू मोजून घ्या म्हनल्या." मी मोजले नाहीत. अर्धे कच्चे होते, अर्धे पिकलेले. म्हणजे आठवडाभर पुरावेत असे निवडून दिले होते. नुसत्या रागात माणूस पेरू असे निवडत नाही, एवढं मी समजते.

घरात बरं आहे. टाकी आता कधी सांडत नाही. लोकांच्या मोटारी दुरुस्त करणारा माणूस घरची मोटार लावून विसरायचा, आणि तुम्ही भिंतीपलीकडून ओरडायचात, "सोमनाथ, गंगा आली रे दारात." मी रोज वेळेवर बटण बंद करते आणि अंगण कोरडं राहतं. मला ते कोरडं अंगण आवडत नाही. हे कुणाला सांगण्यासारखं नाही म्हणून तुम्हाला सांगते.

गेल्या पत्रात मी एक गोष्ट लिहिली नव्हती. लिहिली तर तुम्ही घाबराल, असं मनाला सांगितलं. खरं म्हणजे मीच घाबरले होते.

पतसंस्थेकडं जे घर गहाण आहे ते कागदावर चौदा नंबर आहे. त्या वेळी जागेवर मोजायला कुणी आलं नाही, ओळखीवर काम झालं. ह्यांनी सही केली, मी अंगठ्याऐवजी सही केली म्हणून मला कौतुकच वाटत होतं. पण चौदावर तुमचं घर आहे, अक्का. आम्ही आमचं म्हणून तुमचं घर गहाण टाकलं. मुद्दाम नाही. ह्यांच्या मनात असं काही आलं असतं तर तो माणूस जेवला नसता. पण उद्या आमचे हप्ते थांबले तर नोटीस तुमच्या दारावर लागेल. वकिलानं हे सांगितलं तेव्हा मी त्यांच्यासमोर पाणी मागितलं.

आणि आणखी एक. बँकेचं काम करून देणारा आकाश नावाचा मुलगा आहे, गोड बोलतो. तो म्हणाला, "मावशी, कशाला सही न् बिही. कागदावर शेजारचं घर तुमचंच आहे. त्याच्या दारात उभ्या राहा, मी फोटो काढतो, पुन्हा दुसरा माणूस मोजायला पाठवतो. पंधरा दिवसांत कर्ज पास." रामेश्वर शेजारीच बसला होता. मग हळूच म्हणाला, "आई, आपण हप्ते भरणारच आहोत. काकूंना कळायची गरजच नाही."

मी बाहेर जाऊन बघितलं. तुमच्या घरात ती कंपनीतली पोरं भाड्यानं राहतात, दारात चपलांचा ढीग असतो. मी त्या दारात उभी राहून बघितलं, अक्का. खरंच उभी राहिले. वर तुमच्या पसंतीची गणपतीची टाइल अजून आहे, थोडी तिरपी. ती तिरपी लागली म्हणून तुम्ही गवंड्याला दोन दिवस चहा दिला नव्हता. मला तिथून फोटोला हसता आलं नसतं.

आकाशला मी नाही म्हणून सांगितलं. रामेश्वर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी खाताना म्हणाला, "मग काकांची सही आण." त्याचंही बरोबर आहे. या महिन्यात त्यानं पतसंस्थेचा हप्ता भरायला गाडीचा चुकवला.

आता हे सगळं भाऊजींनी मोठ्यानं वाचलं असेल. त्यांच्या भावाची बाजू घेऊन मी एवढंच लिहिते, की शेवटच्या आठवड्यात ह्यांनी दोनदा विचारलं, "दादा आला का?" भाऊजी आले होते, पायाशी बसले होते, पण ह्यांना ओळखू आलं नाही. भाऊजी आले होते हे मी ह्यांना सांगितलं. हे हसले. वाचणाऱ्यांना हे ठाऊक नसेल म्हणून लिहिलं.

तुमची
वच्छला


पडेगाव,
८ डिसेंबर २०२४

अक्का,

आशाबाई परत आल्या. या वेळी पेरू नाहीत, नुसता निरोप. त्यांनी दारातच, शेजारच्या चतुराबाई ऐकत असताना, तुमच्या आवाजात सांगितला: "सहीचं मागून बघू. आधी तिला इचार, माझ्या लेकीच्या लग्नात ताटावरून उठून का गेली."

म्हणजे तुम्हीच काढलंत. मग ऐका.

इथं वाचणाऱ्यांनी चष्मा पुसायला थांबू नये.

आमच्या घराची वास्तुशांत झाली तेव्हा मी तुम्हाला एक मोरपंखी इरकल दिली होती. तुम्ही पाण्याची जागा सोडली होती. त्याचं देणं साडीनं फिटत नाही, पण माझ्याकडं द्यायला तेवढंच होतं. मी तेव्हा नुकती फॉल लावायला शिकले होते, त्या पहिल्या कमाईची ती साडी. फॉल मीच लावला. शेवटचा हातभर राहिला आणि मोरपंखी दोरा संपला, तेव्हा दुकान बंद होतं, म्हणून शेवट मी पोपटी दोऱ्यानं शिवला. तुम्ही ती नेसून मला दाखवलीत आणि म्हणालात, "पोपटी कोन बघतंय खाली वाकून."

अपेक्षाच्या लग्नात तुम्ही मला मानाची साडी दिलीत. कुंकू लावून, सगळ्या बायकांसमोर. मी घडी उलगडली. मोरपंखी इरकल. मी खाली वाकून बघितलं, अक्का. पोपटी दोरा.

तुमच्या व्याह्यांच्या बायकांना झगमग करणाऱ्या नव्या साड्या, पेटीसकट. आणि मला माझीच परत. आहेराच्या साड्या एका घरातून दुसऱ्या घरात फिरतात, हे मला माहीत नाही का? मीच त्यांना फॉल लावते. एकाच साडीला तीन लग्नांत बघितलंय. पण ही तशी नव्हती. मला वाटलं तुम्ही म्हणताय, घे तुझं देणं, तुझं-माझं काही राहिलं नाही. पाण्याची जागा दिली तीही मोजून ठेवली होती आणि आता हिशोब मिटवला. जेवण अर्ध्यावर टाकून उठले. ह्यांनी घरी विचारलं, काय झालं. मी सांगितलं, डोकं दुखतंय. त्यांना शेवटपर्यंत खरं सांगितलं नाही, कारण ते भाऊजींना येऊन बोलले असते आणि मग भाऊ-भाऊ तुटले असते.

तेवढंच कारण आहे. लिहून काढलं तर केवढंसं दिसतंय. पण तीन वर्षं मी ते उशाशी घेऊन झोपलेय.

मी शाळा पाहिली नाही हे तुम्हाला माहीत आहे. रामेश्वर पहिलीत गेला तेव्हा त्याच्या पाटीवर मीही गिरवलं, मग साडीच्या दुकानातल्या पिशव्या वाचल्या, मग रद्दी, मग मागच्या गल्लीतल्या बाई पुस्तकं द्यायला लागल्या. पुस्तकातली माणसं रुसली की पाच-दहा पानांत त्यांचं मिटतं किंवा तुटतं. आपलं ना मिटलं ना तुटलं. मला ते बरं वाटत नाही.

सही द्यायची की नाही ते तुम्ही ठरवा. आणि नाही दिलीत तर एक गोष्ट मी आधीच लिहून देते. मी बँकेचं सोडेन, पण पतसंस्थेचे हप्ते मी चुकवू देणार नाही. रामेश्वरची गाडी विकेन, दुपारचंही शिवणकाम घेईन. तुमच्या दारावर नोटीस लागणार नाही. त्या दाराची तिरपी टाइल मी रोज बघते.

तुमची
वच्छला


पडेगाव,
२९ डिसेंबर २०२४

अक्का,

जाताना तुम्ही म्हणालात, "काम झालं म्हनून लिवायचं बंद करू नको. यांला वाचायला कायतरी लागतंय." म्हणून लगेच लिहायला बसले.

गुरुवारी रजिस्ट्री ऑफिसात तुम्ही गुडघ्यामुळं वर चढला नाहीत, खाली टपरीच्या बाकावर बसलात. वर काय झालं ते भाऊजींनी तुम्हाला सांगितलं नसणार. मी सांगते. भाऊजी, हे मोठ्यानं वाचा.

बघा, अक्का, मी त्यांना सरळ लिहिलं. त्याचं कारण पुढं येतं.

आत टेबलावर कॅमेरा होता. दस्त करणाऱ्यांचा फोटो लागतो. मी आणि रामेश्वर एका बाजूला, भाऊजी दुसऱ्या. माझा फोटो काढायला ती मुलगी म्हणाली, "मावशी, पदर मागं घ्या, चेहरा दिसत नाही." मी थोडा घेतला. ती म्हणाली, अजून. मी बोटभर घेतला. मागं रांग होती, कुणीतरी म्हणालं, मावशीला आधार कार्डावर पण पदरच आहे का. माझे हातच वर जाईनात. पलीकडच्या खुर्चीवर भाऊजी बसलेले, त्यांच्यासमोर मी कशी उघड्या डोक्यानं बसू?

तर भाऊजी उठले, भिंतीकडं तोंड केलं आणि म्हणाले, "वच्छला, घे पदर मागं. मी भिंतीला बघतोय."

माझं लग्न होऊन या घरात आल्यापासून त्यांनी मला नावानं हाक मारली नव्हती. रामूची आई, एवढंच, तेही दुसऱ्या कुणाला सांगताना. मी पदर मागं घेतला. फोटो निघाला. मग ती मुलगी त्यांना म्हणाली, "काका, तुमचा राहिलाय, भिंतीला काय बघता." सगळे हसले. मी पण हसले, आणि त्यांच्याकडं बघून म्हटलं, "भाऊजी, या बसा." माझा त्यांच्याशी बोललेला पहिला शब्द. तो फार मोठा नव्हता, पण आधी कधी बोलता आला नव्हता.

साहेबांनी विचारलं, राजीखुशीनं अदलाबदल करताय का? भाऊजी म्हणाले, "साहेब, अदलाबदल तर कवाच झाली. आज नुसतं कागदाला सांगायला आलोय." ते माझ्या पहिल्या पत्रातलं होतं. मला बरं वाटलं.

आता टपरीवरचं. ते तुम्हाला माहीत आहे, पण भाऊजी तेव्हा झेरॉक्स काढायला गेले होते, त्यांनाही कळू दे.

चहा आला. तुम्ही बशीत ओतला आणि माझ्याकडं न बघता बोलायला लागलात. म्हणालात, तिसरं पत्र वाचता वाचता भाऊजी मधेच थांबले. तुम्ही विचारलंत, पान संपलं का? तर म्हणे डोळ्यात कचरा गेला. पुढं काय लिहिलंय ते त्यांच्याकडून काढायला तुम्हाला दुपार लागली. मग म्हणालात, लग्नाच्या आधी आठ महिने भाऊजींची चितेगावची कंपनी बंद पडली होती. भाऊजींनी कुणाला कळू दिलं नव्हतं, आम्हालाही नाही. रोज डबा घेऊन निघायचे. व्याह्यांचा मान उसनवारीवर केला. बस्त्यात शेवटी माझं नाव आलं तेव्हा हातात काही उरलं नव्हतं. दुकानदार स्वस्तातली एक काढून देत होता. तुम्ही ती परत केलीत, घरी येऊन पेटी उघडली आणि सगळ्यात वरची, जपून ठेवलेली, तुमची सगळ्यात चांगली साडी काढली.

मग तुम्ही बशी खाली ठेवलीत आणि म्हणालात, "लोकायला दुकानातल्या देल्या. तुला माझी देली. येवढं बी कळलं नाय व्हय तुला?"

आणि लगेच तुम्हीच म्हणालात, चहा गार होतोय. म्हणून उत्तर आता लिहिते. नाही कळलं, अक्का. मी फॉलच्या दोऱ्याकडं बघत बसले. ज्या बाईनं मला पाणी दिलं ती मला उष्टी साडी देणार नाही, एवढं ओळखायला पोपटी दोरा लागत नव्हता. आणि तुम्हालाही एक सांगते. कंपनी बंद पडली हे तुम्ही मला भिंतीवरून सांगितलं असतं तर मी लग्नाला माझ्या पदरची साडी घेऊन आले असते आणि तुमच्या हातात ठेवून म्हटलं असतं, आता ही मला द्या. आपण दोघी इतक्या जवळ राहिलो की अडचण तेवढी एकमेकींपासून लपवली.

बँकेचं पत्र आलंय. पुढच्या आठवड्यात ते पतसंस्थेचं परस्पर फेडतील, तुमच्या घरावरचा बोजा उतरेल. सोनं सुटेल, गटाच्या बायकांना तोंड दाखवता येईल, आणि दुकानमालकांकडं मी स्वतः जाणार आहे. कर्ज फिटलं असं नाही. ते एका जागी आलं, एवढंच. रामेश्वरच्या डोक्याचे केस पांढरे व्हायला लागतील तेव्हा शेवटचा हप्ता जाईल. पण तो परवा रात्री जेवताना शिटी वाजवत होता. मी रागावले, ताटावर बसून शिटी वाजवतात का, म्हणून.  हे असते तर मोटार चालू करून विसरले असते, इतके खूश झाले असते.

भाडेकरू पोरांना मी सांगितलंय, साळूबाई संक्रांतीला येणार आहेत, मागची खोली मोकळी ठेवा. तुम्ही हो म्हटलेलं नाही, पण मी सांगून टाकलंय.

दस्त झाला गुरुवारी. दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी उठले, ती इरकल नेसले, तुमच्या दारातल्या चपला बाजूला सरकवल्या आणि दोन्ही दारांत सडा टाकला.

वच्छला